केमो आणि काळीज : ऐकीव काय, खरं काय

बिडकीन, चितेगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर कुणाला कॅन्सर निघाला, की पहिली वाट संभाजीनगरची. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं, आज ती राज्य कर्करोग संस्था आहे, आणि मराठवाड्यातल्या रुग्णांचा तो मोठा आधार आहे. तिथं किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात केमोचं सलाईन घ्यायचं, पैठण रोडने घरी परतायचं आणि पुढच्या तारखेपर्यंत, म्हणजे बहुधा एकवीस दिवस, गावातच राहायचं. डॉक्टरांशी बोलणं होतं पाच मिनिटं, गावाशी होतं एकवीस दिवस. ऐकीव माहिती फोफावते ती याच दिवसांत.

केस जातात, तोंड येतं, पेशी उतरतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. हृदयाचं मात्र तसं नाही. त्याबद्दल एक तर कुणाला काही माहीत नसतं, नाही तर एकदम टोकाचं काही तरी सांगितलं जातं.

"केमोनं हार्ट जातं, त्यापेक्षा केमोच नको"

सगळ्यात घातक समज हाच, म्हणून आधी याचाच हिशेब करू.

केमो हे एका औषधाचं नाव नाही. त्यात डझनावारी औषधं येतात आणि हृदयाशी प्रत्येकाचं नातं वेगळं. ज्याच्याबद्दल सर्वात जास्त माहिती जमा झाली आहे ते डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ॲड्रियामायसिन. वॉर्डात सगळे त्याला 'लाल औषध' म्हणूनच ओळखतात, कारण ते दिसतं लाल आणि नंतर दिवस-दोन दिवस लघवीही लालसर होते. इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूच्या वाणापासून ते मिळालं. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, हाडांचे आणि स्नायूंचे काही कॅन्सर, लहान मुलांचे रक्ताचे कॅन्सर यांच्यावर ते आणि त्याची भावंडं, एपिरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन, अजूनही पहिल्या फळीत आहेत.

हे औषध पेशीतल्या डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या एका एन्झाइमला पकडतं. त्या एन्झाइमचा एक प्रकार झपाट्यानं वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींत भरपूर असतो, आणि आपल्याला तोच अडकवायचा असतो. पण दुसरा प्रकार हृदयाच्या पेशींत असतो, आणि औषध त्यालाही सोडत नाही. उंदरांच्या हृदयातून हा दुसरा प्रकार काढून टाकला तर इजा बरीच टळते, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. शिवाय पेशीतलं लोह आणि त्यातून तयार होणारे मारक कण हेही आहेतच. रक्ताच्या पेशी उतरल्या तर दोन आठवड्यांत नव्या येतात. हृदयाच्या स्नायूचं तसं होत नाही. तरुणपणीसुद्धा वर्षाला त्याच्या साधारण एक टक्काच पेशी नव्या होतात. म्हणून हृदयाचं नुकसान मागच्या डोसच्या नुकसानीवर साठत जातं.

साठत जातं, म्हणूनच ते मोजता येतं. १९७९ साली अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध झाल्यावर साधारण ३ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागलेलं दिसलं, ५५० ला ७ टक्के, ७०० ला १८ टक्के. पुढे २००३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासानं हे आकडे कमीच धरले गेल्याचं दाखवलं. त्यात ४०० ला ५ टक्के आणि ५५० ला तब्बल २६ टक्के निघाले. आकडे भीतीदायक आहेत, पण ते आहेत कोणत्या डोसचे तेही बघायला हवं. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात ६० मिलिग्रॅमच्या चार फेऱ्या होतात, म्हणजे एकूण २४०. लिम्फोमात ५० च्या सहा, म्हणजे ३००. डॉक्टर आज बहुतेकांना धोक्याच्या त्या चढाच्या खूप अलीकडेच थांबवतात. जास्त डोस द्यावाच लागला, तर हृदयाला झळ कमी बसावी म्हणून डेक्सराझोक्सेन नावाचं औषध आधी देता येतं.

मराठवाड्यात तंबाखू-गुटख्यानं होणारा तोंडाचा कॅन्सर पुष्कळ. त्यात लाल औषध सहसा नसतंच. सिसप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल अशी औषधं असतात आणि त्यांचे त्रास वेगळे. शेजारच्या बाईच्या छातीच्या गाठीची गोष्ट ऐकून तोंडाच्या कॅन्सरच्या माणसानं केमो नाकारणं म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यापायी आपला जीव धोक्यात घालणं. आणि ज्याच्या सलाईनमध्ये लाल औषध आहे, त्यालाही कॅन्सर हाच आधीचा आणि जवळचा धोका असतो. हृदयाकडे लक्ष ठेवायचं ते उपचार पुरा व्हावा म्हणून.

"ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठणठणीत"

ईसीजी निघणं आता सोपं झालंय. गावातल्या दवाखान्यातही पट्टी निघते, स्वस्तात निघते, आणि तिच्यावर 'नॉर्मल' असं छापून येतं. त्यामुळे हा समज पक्का बसला आहे.

ईसीजी हृदयातल्या विजेची नोंद घेतो. ठोके तालात पडतात का, जुन्या झटक्याची खूण आहे का, काही औषधांनी विजेचा एखादा टप्पा लांबलाय का, हे तो सांगतो, म्हणून केमोआधी तोही काढतात. पण लाल औषध आधी बिघडवतं ते स्नायूचं आकुंचन. विहिरीवरच्या मोटरीला लाईट व्यवस्थित येते एवढं तपासलं आणि पाईपातून पाणी किती पडतंय ते पाहिलंच नाही, तसं हे होतं. पाणी बघायला इको लागतो. लोक त्याला टूडी इको म्हणतात. सोनोग्राफीसारखंच यंत्र छातीवर फिरवतात, सुई नाही, किरणं नाहीत.

याच्याच जोडीला 'ब्लॉकेज'चा घोळ असतो. हार्ट म्हटलं की रक्तवाहिनी तुंबणं, अँजिओग्राफी, स्टेंट, एवढंच डोळ्यापुढे येतं. "माझी अँजिओग्राफी दोन वर्षांपूर्वी क्लिअर आली होती" असं सांगून माणूस निर्धास्त होतो. वाहिन्या साफ असूनही पंप कमजोर होऊ शकतो, आणि केमोत बहुधा तेच घडतं. अपवाद आहेत. फाइव्ह-एफयू आणि त्याच्या गोळ्यांच्या रूपातलं कॅपेसिटाबिन, पोटाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं, कधीकधी हृदयाच्या वाहिन्या आवळतं. मग छातीत कळ येते, आणि ती बहुधा औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच येते. तेव्हा गोळी आपल्या मनानं पुढे रेटायची नाही, गाडी काढून थेट दवाखाना गाठायचा. असल्या कळेला 'पित्त' म्हणून सोडा पाजण्याची रीत आपल्याकडे आहे. ती इथं महागात पडू शकते.

"इको नॉर्मल आहे, आता बघायला नको"

इथं प्रकरण थोडं खोल जातं, आणि माझ्या मते खरी गोम इथंच आहे.

इकोच्या कागदावर नातेवाईक एकच आकडा शोधतात, ईएफ. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. साधारण ५५ च्या वर असला की 'नॉर्मल'. आता समजा, केमोआधी एखादीचा ईएफ ६८ होता आणि चौथ्या फेरीनंतर ५६ आला. दोन्ही कागदांवर 'नॉर्मल'च लिहिलेलं असेल, पण मधे बारा अंक गेले. पहिला कागद नसेल तर हे बारा अंक गेले हे कुणाला कळणारच नाही. म्हणून पहिल्या सलाईनआधीचा इको. २०२२ मध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं कॅन्सर-रुग्णांच्या हृदयाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. लाल औषध घेणाऱ्या प्रत्येकाचा उपचाराआधी इको व्हावा, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय.

ईएफ स्वतः मात्र उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. हृदयाकडे शिल्लक ताकद बरीच असते. काही पेशी गेल्या तरी उरलेल्या जोर लावून काम भागवतात आणि आकडा जागच्या जागी राहतो. तो खाली येतो तेव्हा आतली शिल्लक बरीचशी संपलेली असते. त्यात नुसत्या मोजणीच्या फरकानं, म्हणजे यंत्र बदललं, तपासणारा हात बदलला, तरी आठ-दहा अंक इकडे-तिकडे होऊ शकतात.

म्हणून डॉक्टर आता ईएफच्या आधीच्या खुणा शोधतात. पहिली खूण रक्तात मिळते. हृदयाच्या पेशीला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन बाहेर गळतं. हार्टॲटॅकच्या वेळी तपासतात तेच. हृदयावर ताण आला की बीएनपी गटातलं एक द्रव्य वाढतं, तेही साध्या रक्त तपासणीत दिसतं. दुसरी खूण इकोमध्येच असते. तिला 'स्ट्रेन' म्हणतात. ठोका पडताना स्नायू लांबीच्या दिशेनं किती टक्के आखडतो, ते संगणक ठिपका-ठिपका पकडून मोजतो. हा आकडा उणे चिन्हानं लिहितात, उदाहरणार्थ उणे २०. स्वतःच्या आधीच्या आकड्याच्या तुलनेत तो १५ टक्क्यांहून जास्त घसरला, म्हणजे उणे चिन्ह सोडून २० चा १७ च्याही खाली गेला, तर ईएफ ठीक असूनही हृदयाला झळ लागली असं धरतात. लाल औषधानं होणाऱ्या बिघाडात बहुधा आधी ट्रोपोनिन हलतं, मग स्ट्रेन, मग ईएफ आणि सगळ्यात शेवटी धाप. आपण दवाखान्यात जातो ते धाप लागल्यावर.

स्ट्रेन मोजायची सोय प्रत्येक इको यंत्रावर नसते. नसली तर निदान पहिला इको जिथं झाला तिथंच पुढचे करावेत, म्हणजे तुलना तरी खरी होते. बिडकीनच्या माणसाला यासाठी बहुधा शहरच गाठावं लागतं, तर मग केमोच्या तारखेलाच इको जोडून मागावा. एक खाडा वाचतो. बिडकीनमध्ये मोठे रस्ते, कारखान्यांचे प्लॉट, ७,८५५ एकरांची औद्योगिक नगरी उभी राहतेय, मोटारींचे कारखाने यायच्या गोष्टी चालतात. हृदयाची मोटर तपासायची सोयही त्याच वेगानं जवळ यावी, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

"दम लागतो तो अशक्तपणानं"

बहुतेक वेळा हे खरंही असतं, म्हणून तर फसगत होते. केमोत रक्त कमी होतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. दम लागायला एवढं पुरतं. मग घरचे म्हणतात, "आक्का, दूध-अंडी घे, भरून येईल." आणि हृदयाचा बिघाड त्या एका शब्दाच्या, 'अशक्तपणा'च्या, आड महिनोन् महिने लपून राहतो.

फरक ओळखायच्या काही खुणा मात्र आहेत. रक्त कमी असलेल्या माणसाला आडवं पडलं की बरं वाटतं. पंप कमजोर असेल तर आडवं पडल्यावरच घुसमटतं, एक उशी होती तिथं दोन लागतात, रात्री अचानक उठून खाटेवर बसावं लागतं. संध्याकाळी पाय सुजतात, घोट्याजवळ बोट दाबलं तर खळगा राहतो. जेवण कमी असूनही दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढतं. ते अंगावर आलेलं मांस नसतं, साठलेलं पाणी असतं. कोरडा खोकला आडवं झालं की वाढतो.

डॉक्टर विचारतात, "किती जिने चढल्यावर दम लागतो?" हा प्रश्न शहरातल्या पुस्तकातला. ज्या घराला जिनाच नाही तिथली बाई "नाही लागत" म्हणते आणि कागदावर 'त्रास नाही' असं लिहिलं जातं. तिला विचारायला हवं, की हापशावरून भरलेला हंडा घरापर्यंत एका दमात येतो का? कापूस वेचताना पूर्वी बरोबरच्या बायकांच्या ओळीत असायची, आता मागे राहते का? बांधावरून रस्त्यापर्यंत येताना मधे बसावं लागतं का? घरच्यांनीच हे डॉक्टरांना आपण होऊन सांगितलं, तर इकोची चिठ्ठी लवकर निघते.

"शेवटची केमो झाली, सुटलो"

लाल औषधाच्या बाबतीत लक्ष ठेवायचा मोठा काळ सुरू होतो तो शेवटच्या फेरीनंतर. इटलीत मिलान शहरातल्या एका कर्करोग संस्थेनं २,६२५ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ९ टक्क्यांचा ईएफ घसरला, आणि त्यातले ९८ टक्के पहिल्या वर्षातच सापडले. सापडले, कारण ठरलेल्या तारखांना इको होत होता, कुणी धाप लागायची वाट पाहत नव्हतं. म्हणून उपचार संपल्यानंतर वर्षाच्या आत प्रत्येकाचा एक इको व्हावा असं सांगतात. वय ६५ च्या पुढे, रक्तदाब, साखर, आधीचा हृदयरोग, छातीच्या डाव्या बाजूला दिलेला शेक (रेडिएशन), यांतलं काही असेल तर तो आणखी लवकर आणि जास्त वेळा.

स्तनाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना केमोनंतर वर्षभर दर एकवीस दिवसांनी ट्रॅस्टुझुमॅब देतात. भारतीय कंपन्यांनीही ते बनवायला घेतल्यानं हल्ली ते पूर्वीपेक्षा आवाक्यात आलंय. 'ही केमो नाही, साधं इंजेक्शन आहे' असं सांगितलं जातं, आणि केस जात नाहीत म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. हृदयावर तेही परिणाम करतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. पेशी मरत नाहीत, मंदावतात, आणि औषध थांबवलं की बहुतेकांचं हृदय पूर्वपदावर येतं. ते चालू असेतो दर तीन महिन्यांनी इको हवा.

"लहान लेकरू आहे, त्याचं हृदय दणकट"

उलट आहे. वाढत्या वयातलं हृदय या औषधापुढे जास्त नाजूक असतं, आणि परिणाम दहा, वीस वर्षांनीही वर येतो. अमेरिकेतल्या चौदा हजारांहून अधिक जणांच्या एका अभ्यासात, लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण त्यांच्या भावंडांच्या तुलनेत जवळपास सहापट आढळलं.

महाराष्ट्रात हे फार आधी ओळखलं गेलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. बऱ्या झालेल्या मुलांनी वर्षानुवर्षं येत राहायचं, वाढ, हार्मोन, हृदय सगळं तपासून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. देशात बालकॅन्सरवर उपचार मिळणंच दुर्मीळ होतं त्या काळात बरं झाल्यानंतरच्या आयुष्याचा विचार तिथं सुरू झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पण गावात एक अडचण येते, ती कुठल्याही यंत्रानं सुटणारी नाही. सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर होऊन बरी झालेली मुलगी विसाव्या वर्षी लग्नाची होते. फाईल ट्रंकेच्या तळाशी जाते, कारण सोयरीक मोडेल. सासरी कुणाला काही माहीत नसतं. मग दिवस जातात. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयाचं काम जवळजवळ निम्म्यानं वाढतं, आणि इतकी वर्षं शिलकीवर भागवणारं हृदय तिथं उघडं पडू शकतं. आरोग्यसेविका रक्तदाब घेते, हिमोग्लोबिन बघते, लोहाच्या गोळ्या देते. सातव्या महिन्यातला दम आणि पायांची सूज कुणालाही नेहमीचीच वाटते. त्या मुलीचा एकदा इको झाला असता तर बाळंतपण कुठे करायचं हे आधीच ठरलं असतं. सासरच्यांना सांगणं न सांगणं हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न, पण बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. डॉक्टर ते सासूला सांगत सुटत नाहीत.

"एकदा बिघडलं की संपलं"

जुन्या पाठ्यपुस्तकांतही हेच होतं, त्यामुळे गावाला दोष देण्यात अर्थ नाही. वर सांगितलेल्या मिलानच्या अभ्यासात मात्र ईएफ घसरलेल्यांपैकी ८२ टक्क्यांत सुधारणा झाली. पूर्ण जुन्या आकड्यावर आले ते ११ टक्केच, बाकीचे बऱ्याच अंशी सावरले. त्याच गटानं २०१० मध्ये २०१ रुग्णांवर आणखी एक गोष्ट दाखवली होती. केमोनंतर दोन महिन्यांच्या आत ज्यांचं हृदयाचं औषध सुरू झालं त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांचा ईएफ पूर्ववत झाला. सहा महिने उलटल्यावर ज्यांचं औषध सुरू झालं, त्यांच्यात असं पूर्ण बरं झालेलं कुणीच नव्हतं. औषधं होती एनालाप्रिल आणि कार्व्हेडिलॉल, रक्तदाबासाठी लाखो लोक घेतात ती. जनऔषधीच्या दुकानात ती फार थोड्या पैशांत मिळतात. ती आपल्या मनानं सुरू करायची नाहीत, पण उपचार महाग म्हणून इको टाळतोय असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

उपचारांचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, आणि कुठली तपासणी त्यात धरली आहे ते रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. त्याला विचारायला लाजू नये.

"अर्जुनसाल, बीटाचा रस, गव्हांकुर"

या गोष्टी हृदयाला केमोपासून वाचवतात असा भरवशाचा पुरावा नाही. बीट भाजी म्हणून खावं, कुणी अडवत नाही. काढे-चूर्णं मात्र केमोच्या औषधांत लुडबूड करू शकतात, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगावं. बहुतेक जण लपवतात, कारण डॉक्टर रागावतील ही भीती. हृदयासाठी खरोखर उपयोगाचं आहे ते याहून साधं. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, झेपेल तेवढं रोज चालणं.

"डॉक्टरांना सगळं माहीतच असतं"

कोणत्या डॉक्टरांना? केमो देणाऱ्यांना असतं. पाच वर्षांनी दम लागला म्हणून ज्यांच्याकडे जाल त्या गावातल्या डॉक्टरांना नसतं, आणि तोवर फाईल ओल लागून गेलेली असते किंवा घर बदलताना हरवलेली. डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'केमोच्या चार फेऱ्या पूर्ण' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून लाल औषध होतं का, आणि असलं तर किती, हे समजत नाही. दर फेरीच्या कागदावर ९० मिलिग्रॅम असं दिसलं, तरी ते त्या रुग्णाच्या अंगाच्या मापानं काढलेलं असतं. दीड चौरस मीटर अंगाच्या बाईला ९० म्हणजे दर चौरस मीटरमागे ६०, आणि पुढच्या कुठल्याही डॉक्टरला हवी असते ती याच हिशेबानं केलेली बेरीज, या उदाहरणात २४०. शेवटच्या फेरीच्या दिवशी वॉर्डातून निघण्याआधी ती बेरीज, औषधाचं नाव, छातीला शेक दिला असेल तर कोणत्या बाजूला, आणि पहिल्या व शेवटच्या इकोचे आकडे एका कागदावर लिहून मागावेत. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून तो मुलाच्या, सुनेच्या, भावाच्या फोनवरही पाठवून ठेवावा.